नऊ महिने नऊ दिवस : पोटातले बाळ माणसाला कसे कळले

घरात सून किंवा लेक गरोदर राहिली, की वडीलधाऱ्या बायका बोटांच्या पेरांवर दिवस मोजू लागतात. शेवटची पाळी कधी आली ते विचारायचे आणि पुढे नऊ महिने नऊ दिवस धरायचे, हा आपल्याकडचा जुना हिशेब. महिना ३० दिवसांचा धरला तर हे २७९ दिवस होतात. दवाखान्यात डॉक्टर ४० आठवडे म्हणजे २८० दिवस धरतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे नेगेले नावाचे प्रसूतितज्ज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेले. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा, हा त्यांच्या नावाचा नियम डॉक्टर अजून वापरतात. आमच्या आज्या शाळेत गेल्या नव्हत्या, तरी नेगेलेसाहेबांच्या दोनच दिवस पुढे होत्या!

तेव्हा दिवस किती, हे माणसाला फार पूर्वी कळले होते. पण त्या दिवसांत आत काय चालते, हे कळायला मात्र अडीच हजार वर्षे लागली. त्याचीच हकीकत आम्ही येथे मांडत आहोत. विहाराच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. एक तर हा प्रश्न प्रत्यक्ष तथागतांपुढे विचारला गेला होता. आणि दुसरे म्हणजे, पोटातल्या बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी बाबासाहेब कायदेमंडळात उभे राहिले होते. ते पुढे ओघाने येईलच.

संयुत्त निकायात यक्ख संयुत्त नावाचा भाग आहे. त्यातले पहिलेच सुत्त इंदक सुत्त. स्थळ राजगृह. इंदक नावाचा यक्ष भगवंतांना विचारतो, की रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात, तर मग हे शरीर मिळते कसे? ही हाडे, हे यकृत येते कोठून? आणि हा गर्भात टिकून राहतो तरी कसा? प्रश्न रोखठोक आहे. भगवंतांनी उत्तरही तसेच दिले. त्यांनी अवस्थांची नावे क्रमाने सांगितली : आधी कलल, मग अब्बुद, मग पेसि, मग घन, मग पसाखा म्हणजे शरीराला फुटणाऱ्या फांद्या. त्यानंतर केस आणि नखे. आणि शेवटी सांगितले, की आई जे अन्नपाणी घेते त्यावरच पोटातला जीव जगतो.

पुढे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत अट्ठकथा लिहिली. त्यांनी प्रत्येक अवस्थेला एक एक आठवडा दिला आणि उपमाही दिल्या. कलल म्हणजे लोकरीच्या धाग्याच्या टोकावर राहील एवढा तेलाचा थेंब, अब्बुद म्हणजे मांस धुतलेल्या पाण्यासारखे, घन म्हणजे कोंबडीच्या अंड्यासारखे आणि पाचव्या आठवड्यात हात, पाय, डोके यांचे पाच उंचवटे.

आता हे आजच्या विज्ञानाशी ताडून पाहू. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हातापायांचे अंकुर खरोखरच दिसू लागतात. पण तेव्हा गर्भ कोंबडीच्या अंड्याएवढा नसतो, तर मसुरीच्या दाण्याएवढा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो. नखे तिसऱ्या महिन्यात सुरू होतात. तेव्हा “आमच्या ग्रंथात हे सगळे आधीच लिहून ठेवले आहे” असा दावा आम्ही करणार नाही. असे दावे दुसरे लोक करतात तेव्हा आपण हसतो. मग आपणच कशाला करायचे? इंदक सुत्तात आम्हाला मोलाचे वाटते ते हे, की प्रश्न विचारणाऱ्याला कोणी गप्प बसवले नाही, आणि उत्तरात आईच्या जेवणाला जागा मिळाली.

सुश्रुत संहितेतही असाच एक मोठा वाद नोंदलेला आहे. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो? शौनक म्हणे डोके, कृतवीर्य म्हणे हृदय, पाराशर्य म्हणे नाभी, मार्कंडेय म्हणे हातपाय. सुभूती गौतम यांचे म्हणणे मधले धड आधी. यावर धन्वंतरीचा निवाडा असा, की बांबूच्या कोंबात किंवा कोवळ्या आंब्यात सगळे भाग एकदमच असतात, फक्त बारीक असल्याने दिसत नाहीत. उपमा सुंदर आहे. पण आजच्या निरीक्षणात कृतवीर्याची बाजू थोडी वरचढ ठरते, कारण कामाला लागणारा पहिला अवयव हृदय. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी त्याची धडधड सुरू होते. याच संहितेत चौथ्या महिन्यातल्या गरोदर बाईला दोन हृदयांची म्हटले आहे, एक तिचे आणि एक बाळाचे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्यातूनच आला असे सांगतात. तिला हवे ते खायला द्यावे, ही त्यातली शिकवण. पण डोहाळजेवण एका दिवसाचे आणि पोट नऊ महिन्यांचे, याचा आपल्याला विसर पडतो.

इकडे हे वाद चालले होते, तिकडे ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने एक साधा उपाय केला. कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून आत पाहायचे. तीन दिवस झाल्यावर त्याला आत रक्ताचा एक ठिपका उडताना दिसला. ते हृदय होते. वादापेक्षा पाहणे बरे, हे त्याने दाखवले. परंतु आईच्या बाबतीत त्याचीही नजर चुकली. त्याच्या मते आकार देणारे बापाचे बीज. आई पुरवते ती फक्त माती.

हीच गोष्ट आपल्याकडेही होती. बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, आणि या दोहोंत बी श्रेष्ठ, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. शेत ज्याच्या मालकीचे त्याचे पीक! या एका उपमेने बाईचा केवढा तोटा केला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

युरोपात सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लेवेनहूक याने सन १६७७ मध्ये पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे जीव पाहिले. झाले! १६९४ साली हार्टसोकर नावाच्या पंडिताने चित्रच काढले. शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस. म्हणजे पोर बापातच पूर्ण तयार, आई ही नुसती मोठी होण्याची जागा. दुसरा पक्ष म्हणे, नाही, ते आईच्या अंड्यात तयार असते. दोन्ही पक्षांना वाटत होते, की बाळ आधीपासून घडलेलेच असते आणि फक्त फुगते. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी राजा चार्ल्सच्या शिकारीच्या हरिणी चिरून पाहिल्या होत्या. समागमानंतर कित्येक आठवडे त्यांना गर्भाशयात काहीच दिसले नाही. तरी १६५१ च्या ग्रंथात त्यांनी सगळे प्राणी अंड्यातूनच येतात असे ठामपणे मांडले. पुढे १७५९ मध्ये वोल्फ या तरुणाने कोंबडीच्या अंड्यात दाखवून दिले, की अवयव आधी नसतातच, ते साध्या पापुद्र्यांतून हळूहळू घडतात. कलल, अब्बुद, पेसि या क्रमाचीच ही आठवण म्हणा ना.

पण आईचे अंडे डोळ्यांनी कोणी पाहिलेले नव्हते. ते १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी क्योनिग्जबर्गच्या विद्यापीठात एका कुत्रीच्या बीजकोशात पाहिले. पिवळसर ठिपका, सुईच्या अग्राएवढा. यानंतर आई म्हणजे नुसते शेत, असे म्हणायची सोय राहिली नाही. तिचेही बी होते. पुढे १८७५-७६ च्या सुमारास ऑस्कर हर्टविग यांनी समुद्रातल्या साळूसारख्या प्राण्याच्या अंड्यात पाहिले, की शुक्रजंतूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एक होतात. निम्मे आईचे, निम्मे बापाचे. बेअर यांचे पुस्तक १८२७ चे आणि महाडला मनुस्मृतीचे दहन १९२७ चे, बरोबर शंभर वर्षांचे अंतर. योगायोगच आहे, पण लक्षात राहावा असा.

आणखी एक गोष्ट १९०५ ची. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठात होणाऱ्या किड्यांचा अभ्यास करून दाखवले, की नर की मादी हे शुक्रजंतूतल्या गुणसूत्रावर ठरते. माणसातही तेच आहे. आईच्या अंड्यात नेहमी एक्स असतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. गर्भ राहतो त्या क्षणीच हे ठरून जाते, मग कोणताही विधी, कोणतेही औषध, कोणताही नवस काही बदलू शकत नाही. शंभराहून अधिक वर्षे झाली हे सिद्ध होऊन. तरी लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला घालूनपाडून बोलणारी घरे आपल्या वस्तीत नाहीत असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? दोष द्यायचाच झाला तर तो सुनेचा नव्हे, आणि खरे तर मुलाचाही नव्हे, कारण कोणता शुक्रजंतू आधी पोचेल हे त्याच्याही हातात नाही. शिवाय मुलगी होण्यात दोष कसला?

माणसाच्या गर्भाची माहिती कोणाच्या शरीरातून मिळाली, तेही सांगितले पाहिजे. लंडनचे विल्यम हंटर यांनी १७७४ मध्ये गरोदर गर्भाशयाचा मोठा चित्रसंग्रह छापला, ३४ चित्रांचा. आजही ती चित्रे पाहून माणूस थक्क होतो. ती गरोदरपणीच मेलेल्या बायकांच्या शवांवरून काढली होती. चित्रकाराचे नाव इतिहासात आहे, त्या बायकांची नावे नाहीत. १९१४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे फ्रँकलिन मॉल यांच्या हाताखाली कार्नेगी संस्थेचा गर्भविज्ञान विभाग निघाला. तेथे पडलेले गर्भ आणि शस्त्रक्रियेत मिळालेले गर्भ जमवून पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ पायऱ्या ठरवल्या गेल्या, त्या जगभर मानतात. अगदी पहिल्या सतरा दिवसांतले ३४ गर्भ मिळाले ते बोस्टनजवळच्या एका मोफत रुग्णालयात गर्भपिशवी काढायला आलेल्या गरीब बायकांकडून. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या किती तरी म्हाताऱ्या सुईणी पोटावरून हात फिरवून बाळ आडवे आहे की पायाळू, हे सांगत. गावाला त्यांचा हात चालायचा, बाकी वेळी त्यांचा विटाळ! त्यांचेही ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही.

तर या सगळ्यांच्या देण्यातून आज जे कळते ते असे. अंडे आणि शुक्रजंतू यांचे मीलन गर्भाशयात नव्हे, तर गर्भनलिकेत होते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा होत होत तो गोळा गर्भाशयात उतरतो आणि सुमारे सहाव्या दिवसापासून अस्तरात रुतू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हाडे, स्नायू, रक्त, हृदय आणि आतल्यातून आतडी, यकृत, फुप्फुसांचे अस्तर. वरच्या थराची पन्हळ वळून तिची नळी होते; तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. लक्षात घ्या, त्या वेळी पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो.

आठ आठवड्यांत बाळ सुमारे तीन सेंटिमीटर होते आणि सगळ्या मुख्य अवयवांचा पाया पडतो. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन याच दुसऱ्या महिन्यात जुळतो. म्हणून आम्ही ग्रहणाबद्दल एक सरळ प्रश्न विचारतो. सातव्या महिन्यातल्या बाईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. पण जो ओठ पाच महिन्यांपूर्वीच जुळून बसला, तो चंद्राच्या सावलीने कसा फाटेल? गरोदर पोरीला तासन् तास उपाशी आणि पाण्यावाचून एका जागी बसवून ठेवणे हाच खरा त्रास. ओठ फाटलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करता येते; आईवर लावलेला बोल मात्र जन्मभर जात नाही.

पाचव्या महिन्याच्या आसपास आईला हालचाल कळते. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ आवाजाला दचकते. १९८० साली अमेरिकेत एका प्रयोगात दिसले, की नुकते जन्मलेले मूल परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते. म्हणजे पोटात ते ऐकत होते हे खरे. परंतु ऐकते म्हणजे अर्थ समजते असे नाही. अभिमन्यूची गोष्ट सांगून हल्ली गर्भसंस्काराचे महागडे वर्ग चालतात. आमचे मत विचाराल तर त्या पैशात रोजचे दूध आणि अंडी येतील. आईशी घरातल्यांनी गोड बोलावे, तिनेही पोटाशी बोलावे. त्याला फी लागत नाही.

आता वारेविषयी. वार आणि नाळ ही बाळाची शिदोरी. हंटर बंधूंनी अठराव्या शतकात रक्तवाहिन्यांत मेण भरून दाखवले, की आईचे रक्त आणि बाळाचे रक्त वेगळे वाहते. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्नरस पलीकडे जातो, बाळाचा मळ अलीकडे येतो. पुष्कळ काळ डॉक्टरांना वाटे, की हा पडदा विष अडवतो. तो भ्रम १९६१ मध्ये फुटला. थॅलिडोमाइड नावाची झोपेची आणि मळमळीची गोळी घेतलेल्या मातांना हातपाय नसलेली मुले झाली, जगभरात हजारो. तेव्हापासून गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये म्हणतात. आपल्याकडे गोळीपेक्षा मिश्रीची डबी जास्त हाताशी असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात दिसले, की मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. मिश्री लावल्यावर मळमळ थांबते असे बायका सांगतात. पण तिचा हिस्सा पलीकडे जातोच.

सोनोग्राफीची कथा तर कारखान्यातली आहे. धातूच्या आत चीर आहे की नाही हे पाहायला ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले, सोबत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक तुकडा आणून ठेवला होता. लोखंडातली चीर दाखवणारे यंत्र गाठीतला फरकही दाखवू लागले. १९५८ मध्ये त्यांचा लेख आला आणि पुढे जिवंत बाळ पोटात असतानाच दिसू लागले, कोणाचे शव न चिरता. इतकी मोठी देणगी! आणि आपण तिचे काय केले? पाण्याची तपासणी आणि सोनोग्राफी यांचा उपयोग मुलगी हुडकून पाडण्यासाठी झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविरुद्ध देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो कडक केला गेला. तरी सहा वर्षांखालील हजार मुलांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. अडीच हजार वर्षे माणूस ज्या अंधारात डोकावायला धडपडला, तेथे दिवा लागल्यावर त्याने हे केले.

आता मुंबईकडे येऊ. सन १९२८. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत, त्याचे कारण शोधायचे होते. अनेकांना जंतूंचा संशय होता. विल्सबाईंनी बायकांच्या जेवणाची चौकशी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, दूध, मांस यांची वानवा, त्यांनाच हा रोग. मग त्यांनी उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले आणि अखेर यीस्टचा स्वस्त अर्क बायकांना दिला. मार्माइट नावाने तो विलायतेत पावाला लावून खातात. बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय होते ते दहा वर्षांनी कळले. पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव पडले. म्हणजे आपल्या पालेभाजीतलेच ते.

त्याच १९२८ सालात, २८ जुलैला, मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक चर्चेला होते. बाबासाहेब तेव्हा कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडले, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, पण बायकांच्या कामावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. बाळंतपणापूर्वीची विश्रांती, हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाळंतिणीला सव्वा महिना कोपऱ्यात बसवणे आपल्याला ठाऊक होते. पोटुशी बाईला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत साच्यावर उभे राहावे लागे. १९२९ मध्ये हा मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली बाबासाहेबांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. १९६१ मध्ये सगळ्या देशाला १२ आठवड्यांची रजा मिळाली, २०१७ मध्ये २६ आठवड्यांची. अर्थात ही रजा हजेरीपटावर नाव असलेल्यांना. घरकामाला जाणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींचे नाव कोणत्याच पटावर नसते.

विश्रांती आधीच का लागते, याचे कारण वजनात आहे. सात महिने संपत आले तेव्हा बाळ साधारण एक किलोचे असते आणि दिवस भरल्यावर तीन किलोच्या आसपास. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत ते तिप्पट होते.

विल्सबाईंच्या त्या द्रव्याचे दुसरे काम १९९१ मध्ये कळले. मणक्याची नळी न मिटलेले मूल आधी झालेल्या मातांना सात देशांतल्या मोठ्या चाचणीत गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तर पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. नळी अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते हे वर सांगितलेच आहे. म्हणून लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या मुलीने ही गोळी दिवस जाण्याआधीच सुरू करायची असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तेथे बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोही भरले नाही. ज्या आया पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे थोराड होती. ज्या रानात आणि पाण्याला जास्त राबत, त्यांची लहान. नुसत्या भाकरीच्या संख्येने एवढा फरक पडत नव्हता. बऱ्याच आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. ते दूध, अंडी, मासळी, मटण यांत असते. आपल्या घरांत मासळी-मटण वर्ज्य नाही. पण ताट वाढताना मोठे तुकडे पुरुषांकडे जातात आणि सुनेच्या वाट्याला रस्सा उरतो, तो उलटा फिरवता येईल.

२०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पहिले तीन महिने नुसते फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक अशी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर बरे. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यावी. लाल गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊन पुष्कळ जणी गोळ्या उशीखाली ठेवून देतात.